चौथं पातं

अलार्म वाजायच्या आधीच आवाज बदलला होता. शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन चालू असलं की मागून धुराबरोबर पाणीही थुंकत असतं. त्यामुळे तो आवाज ओला असतो, फकफक असा. तीन रात्री समुद्रात काढून आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो आणि तो एकदम कोरडा झाला, रिकाम्या पिंपात कोणी खोकावं तसा. मी "बंद कर, बंद कर!" म्हणेपर्यंत तापमानाचा अलार्म किंचाळायला लागला.

इंजिन बंद. पुढचं वळण शिडावर.

आमची बोट ३४ फुटी. वाटेत जिब, म्हणजे पुढचं शीड, कडेने उसवलं होतं, म्हणून ते अर्धं गुंडाळूनच आत शिरलो. नांगरायच्या जागी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवली. बोट थबकली तसा नवऱ्याने नांगर सोडला. एरवी इंजिन रिव्हर्सला टाकून नांगर तळाच्या चिखलात रुतवतो. आता मोठं शीड हातांनी उलट्या बाजूला रेटून धरलं आणि वाऱ्याकडूनच बोट मागे ढकलून घेतली. खोलीमापकावर ५ मीटर होते आणि ओहोटी संपत आलेली. भरतीला आणखी ४ मीटर पाणी चढणार, पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर, म्हणजे झाले १०. त्याच्या पाचपट, ५० मीटर साखळी सोडली. किनाऱ्यावरचा एक खांब आणि त्यामागचा एक खडक एका रेषेत धरून ठेवला. ते दोन्ही एका रेषेत दिसताहेत तोवर आपण जागेवर आहोत.

मग भांडलो.

माझं म्हणणं सरळ होतं. शेवटचा तासभर उजेडात पोचायच्या घाईने त्याने शिडं आणि इंजिन दोन्ही चालू ठेवली होती. वारा डावीकडून, बोट उजवीकडे चांगली कललेली. इंजिनासाठी समुद्राचं पाणी ओढून घेणारं भोक आमच्या बोटीला डाव्या बाजूला आहे. ते लाटांमधून वर येत असणार आणि पंप पाण्याऐवजी हवा गिळत असणार. "एवढी काही कलली नव्हती," तो म्हणाला. "कपाटातली भांडी खाली आली होती," मी म्हटलं. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मागे वाकून पाणी येतंय का हे इंजिन सुरू करताना मी पाहिलं होतं. येत होतं. जरा कमी वाटलं, पण लाटा होत्या, नीट दिसत नव्हतं.

सकाळी सहाला मी इंजिनाशी बसले. बसले म्हणजे मागच्या बिछान्यावर आडवी झाले, गादी दूर सारली आणि फळीतल्या वीतभर खिडकीतून उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. इंजिनाचं खातं माझ्याकडे आलं ते काही विशेष ज्ञानामुळे नाही, माझा हात तिथे जातो म्हणून. त्याचा मनगटापुढे जात नाही. शिडं आणि डोलकाठी त्याच्याकडे, खालचं सगळं माझ्याकडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनाभोवती फिरणारं कूलंट वेगळं आणि त्या कूलंटला गार करणारं समुद्राचं पाणी वेगळं. समुद्राचं पाणी सीकॉकमधून, म्हणजे बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून, आत येतं, गाळणीतून जातं, पंपातून हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे जिथे ते कूलंटला गार करतं तिथे, जातं आणि शेवटी धुराच्या नळीत मिसळून बाहेर पडतं. या वाटेवर कुठेही खोळंबा झाला की इंजिन तापतं, आणि त्याहून आधी धुराची रबरी नळी भाजते. म्हणून पाण्याच्या वाटेनेच शोधत जायचं.

सीकॉक उघडा होता. तो बंद केला आणि इंजिनाची किल्ली काढून त्याच्याच दांड्याला अडकवली. सीकॉक बंद असताना कोणी विसरून इंजिन सुरू करू नये म्हणून ही पद्धत, किल्ली हवी असेल तर हात आधी तिथे जाईल. मग गाळणी. तिचं झाकण पारदर्शक आहे. जाळी स्वच्छ दिसत होती, असायलाच हवी, निघायच्या आदल्या दिवशी मीच ती धुतली होती. आतलं पाणी अर्ध्यावर होतं. हे मी पाहिलं आणि पुढे गेले.

पंपाचं झाकण सहा छोट्या स्क्रूंनी बसलेलं. पुढे काय आहे ते दिसत नाही, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा धरून अंदाजाने काढायचे. पाच नीट निघाले. सहावा बोटांतून निसटला आणि टिंग टिंग करत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळच्या खोलगट भागात, गेला. चुंबकाची काठी आहे आमच्याकडे, पण स्क्रू पितळेचा, तो चुंबकाला कसली दाद देतो! स्पंजाने तेलकट पाणी टिपून काढलं आणि गाळात चाचपडत अर्ध्या तासाने तो मिळवला. त्यात होज क्लिपच्या धारेने तर्जनी कापली. बोटीचं काम आणि बोटाला लागलं नाही असं अजून तरी झालेलं नाही.

झाकण निघालं. आत इंपेलर, रबराचं, सहा पात्यांचं चक्र. दोन स्क्रू-ड्रायव्हर समोरासमोर घालून, पंपाच्या काठाला ओरखडा येणार नाही अशा बेताने, ते उचकून काढलं. सहापैकी दोन पाती जागेवर होती. बाकी चार मुळाशी तुटलेली, तुटलेला भाग चकचकीत आणि कडक, भाजल्यासारखा. हे रबर पाण्यानेच ओलं राहतं, आणि ते ओलेपण हेच त्याचं वंगण. कोरडं फिरलं तर मिनिटाभरात त्याची वाट लागू शकते.

तुटलेली पाती मोजायची. ती विरघळत नाहीत, पाण्याबरोबर पुढे जातात आणि अडकतात. दोन पंपातच होती. तिसरं पुढच्या नळीच्या वळणात, बोटाने ओढून काढलं. चौथं नव्हतं.

"स्पेअर आहे ना?" वरून विचारणा झाली.

"आहे," मी म्हटलं, आणि जरा ऐटीतच म्हटलं. डब्यात, झिपच्या पिशवीत, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी, 'इंपेलर'. दोन वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेलं. सहा पाती, व्यास तोच, रुंदी तीच. पंपाच्या दांड्यावर सरकवलं तर अगदी सहज गेलं. इतकं सहज जायला नको होतं. हलवून पाहिलं तर खुळखुळत होतं. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला. आमचा दांडा १२ मिलिमीटरचा आणि नव्या इंपेलरचं भोक १२.७, म्हणजे अर्धा इंच. फरक पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी, डोळ्यांना दिसणारा नव्हेच. दोन वर्षं ज्याच्या भरवशावर हिंडत होतो ते दुसऱ्याच कुठल्या तरी पंपाचं होतं, आणि एकदाही मी ते घालून पाहिलं नव्हतं.

हे त्याला सांगितलं नाही असं नाही. पण "दुकानात चुकीचं दिलं" असं सांगितलं.

तर किनाऱ्यावर जायचं ठरलं, तसंही जायचंच होतं. तीन दिवस समुद्रात असताना किनाऱ्यावरच्या दिवसाची जी काय स्वप्नं पडतात त्यात झाड असतं, सावली असते, हातात काही नसतं. प्रत्यक्षात डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत, वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, डिझेलचा एक, खाऱ्या कपड्यांचं गाठोडं, कचरा, पिशवीत कोंबलेलं जिब, सुया-दोरे, आणि माझ्या खिशात मोडकं इंपेलर. शीड बोटीवर शिवता येत नाही. ते पसरलं तर बोटीवर माणसाला उभं राहायला जागा उरत नाही.

भरती सव्वाबाराला होती. आम्ही साडेबाराला लागलो तेव्हा पाणी होड्या लावायच्या उताराच्या माथ्यापर्यंत आलेलं, बूटसुद्धा भिजले नाहीत. डिंगी लांब दोरीने खांबाला बांधली. तो वर गवतावर शीड पसरून बसणार आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने डिंगी पाण्याबरोबर खाली सरकवत राहणार असं ठरलं. ठरलं म्हणजे मी सांगितलं आणि तो "हो" म्हणाला.

जमिनीवर पहिली पावलं टाकताना जमीन हलते. नव्याने येणाऱ्याला वाटतं चक्कर आली. तीन दिवस शरीराने प्रत्येक लाटेला उत्तर दिलेलं असतं, आता लाट नाही तरी ते उत्तर देतच राहतं. चालताना एवढं जाणवत नाही. उभं राहिलं की डोलायला होतं, आणि बंद खोलीत तर फारच. बोटींच्या सामानाचं दुकान नेमकं अरुंद आणि बिनखिडक्यांचं. मी काउंटर दोन्ही हातांनी धरून बोलत होते. पलीकडच्या म्हाताऱ्याला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याच्या काउंटरची ती कड बहुधा अशीच झिजली असावी.

मी इंजिनाचं नाव सांगायला लागले तर त्याने हातानेच थांबवलं. मोडकं इंपेलर घेतलं. व्यास मोजला, रुंदी मोजली, भोक मोजलं, पाती मोजली. दांड्याला ते पकडतं कसं, खाचेने, सपाट बाजूने की दात्यांनी, हे पाहिलं. पाचही गोष्टी जुळेपर्यंत एकही खोका उघडला नाही. एकाच इंजिनावर वर्षानुवर्षांत वेगवेगळे पंप बसवलेले असतात, त्यामुळे इंजिनाच्या नावावर विसंबायचं नसतं, हे त्याने न सांगता मला समजलं. मग त्याने विचारलं, तुकडे किती सापडले?

तीन, मी म्हटलं.

त्याने चार बोटं वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली. हीट एक्स्चेंजर उघडायचा मला कंटाळा होता आणि ते त्याने ओळखलं होतं.

दोन इंपेलर घेतले, दोन्ही तिथेच व्हर्नियरने मोजून. त्याने आणखी एक सांगितलं, बोट महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर इंपेलर काढून ठेवा. पंपाची पोकळी एका बाजूला चपटी असते, तिथली पाती वाकलेल्या अवस्थेत राहून तशीच वाकडी होतात, मग जोर राहत नाही. मोडलेलं इंपेलर किती जुनं, हेही त्याने विचारलं. चार वर्षं, मी म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

कपडे धुऊन होईस्तोवर तासभर गेला. पाणी, डिझेल भरून कॅन एकेक करत उतारापर्यंत आणले. घड्याळात सव्वाचार.

नवरा गवतावर मांडी घालून, तळहाताला शिडवाल्यांची चामडी पट्टी बांधून शिवत होता. काम सुंदर चाललं होतं, ते मान्य करायला हवं. गुंडाळलेल्या जिबची जी कड उन्हात राहते तिच्यावर एक निळी पट्टी शिवलेली असते. तिचं काम एवढंच की आतल्या कापडाच्या वाटचं ऊन तिने खायचं. कापड टिकतं, पण टाक्याचा दोरा कापडाच्या वर उघडा असतो, आधी तो जळतो. म्हणून कापड शाबूत आणि शिवण गेलेली. अशा वेळी नवी भोकं पाडायची नसतात, जुन्याच भोकांतून मेण लावलेला दुहेरी दोरा घालत जायचं, तळहाताच्या पट्टीने सुई रेटायची. तीन तासांत त्याने दोन मीटरच्या वर शिवलं होतं. टाके अगदी एकसारखे.

"डिंगी कुठेय?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. दोघांनी खाली पाहिलं. डिंगी जिथे बांधली होती तिथेच होती, चिखलात, एका कुशीवर. पाणी तिच्यापासून साठेक पावलं लांब चमकत होतं.

भरतीनंतरच्या सहा तासांत पाणी सारखं उतरत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे सुरुवातीला बघावं तर पाणी हललेलंही दिसत नाही, आणि मधल्या दोन तासांत अर्धं पाणी निघून जातं. आमच्या ४ मीटरांतले ३ मीटर गेले होते. हा हिशोब मला शिकवला कोणी, तर त्यानेच. "दोनला पाहिलं होतं गं, चांगलं पाणी होतं," तो म्हणाला. दोनला असणारच.

थांबावं तर डिंगीपर्यंत पाणी परत यायला रात्रीचे साडेदहा. आउटबोर्ड, म्हणजे डिंगीचं मागे लावायचं इंजिन, काढून त्याने खांद्यावर घेतला, मी वल्ही घेतली आणि गुडघाभर चिखलातून एकेक वस्तू पाण्यापर्यंत नेली. नंतर डिंगी ओढली. माझा एक बूट चिखलाने ठेवून घेतला, तो कोपरापर्यंत हात घालून काढावा लागला. पाण्याचा एक कॅन हातातून सुटून वाहायला लागला तेव्हा मात्र धावपळ करावी लागली नाही. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, भरलेला कॅनसुद्धा तरंगतो. तो आमच्या शेजारी शहाण्यासारखा डुलत राहिला. आमच्या अख्ख्या पसाऱ्यात त्या दिवशी तेवढी एकच वस्तू नीट वागली.

मी बोलत होते, अर्थातच. इंपेलर तुझ्या घाईने गेलं, डिंगी तुझ्या शिवणकामाने गेली. तो काही न बोलता ओढत होता. अधूनमधून मी बोटीकडे बघून घेत होते. ओहोटीने तिचं तोंड फिरलेलं, त्यामुळे पहिल्या नजरेला ती भलतीकडेच सरकलीय असं वाटून पोटात गोळा आला. पण जवळ जाऊन खांब आणि खडक पाहिले, रेषेत होते.

सातला मी पुन्हा बिछान्यावर आडवी. म्हाताऱ्याची चार बोटं डोळ्यांसमोर होती, म्हणून आधी हीट एक्स्चेंजर. टोकाचं झाकण सैल केलं तर वाटीभर पाणी बाह्यांत शिरलं. आत पितळी नळ्यांची तोंडं, मधाच्या पोळ्यासारखी एकमेकींना चिकटून. आणि त्या पोळ्यावर मधोमध, काळ्या चंद्रकोरीसारखं, चौथं पातं आडवं बसलेलं. चार-पाच नळ्या त्याने बंद केल्या होत्या. हे न काढता नवं इंपेलर घातलं असतं तर पाणी आलं असतं, जरा कमी. आणि पुढच्या आठवड्यात कुठेतरी भलत्या ठिकाणी इंजिन पुन्हा तापलं असतं. चिमट्याने काढलं आणि बाकीच्या तिघांशेजारी ठेवलं. चारही तुकडे मोडक्या चक्राला लावून पाहिले. जुळले.

बाकीचं पटकन झालं. भांड्यांच्या साबणाचा बोळा फिरवून इंपेलर बुळबुळीत केलं, फिरण्याच्या उलट दिशेला पाती वळवत आत दाबलं. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल ओरखडे पडले होते, ते उलटं करून लावलं. नवी कागदी गॅस्केट, सहा स्क्रू. या वेळी एकही पडला नाही. सीकॉक उघडला, किल्ली घेतली.

"पाणी बघ रे," मी ओरडले आणि इंजिन सुरू केलं.

एरवी पाचेक सेकंदांत येतं. मी मोजत होते. वीस. पंचवीस. बंद करावं म्हणून हात गेलाच होता, तेवढ्यात मागून तो म्हणाला, "आलं, आलं! भरपूर." पाठोपाठ फकफक.

तो खूश होऊन पाय धुवायला बसला. मला ते पंचवीस सेकंद खुपत होते. इंजिन चालू ठेवून टॉर्च घेतला आणि सीकॉकपासून पुन्हा पाण्याच्या वाटेने निघाले. गाळणीपाशी थांबले. पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे होते, बारीक, एका रांगेत. झाकणाच्या एकाच ठिकाणाहून सुटत होते आणि पंपाकडे जात होते.

आमची गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेली आहे. झाकण घट्ट बसलं नाही तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. इंजिन बंद असताना तीन दिवस हवा हळूहळू आत येत राहिली आणि पाणी उतरून परत समुद्रात गेलं. सकाळी ते अर्ध्यावर होतं.

इंजिन बंद केलं, सीकॉक बंद केला, किल्ली अडकवली, झाकण फिरवून काढलं. झाकण हवाबंद करणाऱ्या रबरी कड्याच्या, ओ-रिंगच्या, खोबणीत आडवा एक केस होता, काळा, लांब, त्याला शेवाळाचं एक सूत चिकटलेलं. नवऱ्याच्या डोक्यावर गेली कित्येक वर्षं केस नाहीत.

"काय गं, बंद का केलंस?" वरून आवाज आला.

"झाकणातून हवा लागत होती. गाळणीच्या."

वरचं पाणी ओतणं थांबलं. "गाळणी कोणी धुतली होती?"

मी खोबण पुसली, ओ-रिंगला ग्रीसचं बोट फिरवलं, गाळणी मगाने काठोकाठ भरली आणि झाकण आवळलं. केस टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात टाकला. सीकॉक, किल्ली.

"पाणी बघ," मी म्हटलं.

चौथ्या सेकंदाला आलं.